ई. कोलायच्या जीनोममध्ये विषाणूची जनुकं सापडली: नमुना बिघडला का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने शहादा भागातल्या एका विहिरीच्या पाण्यातून ई. कोलाय वेगळा केला आणि त्याचं जीनोम सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. अहवालात ई. कोलायच्या नेहमीच्या जनुकांबरोबर इंटिग्रेज, टर्मिनेज, कॅप्सिड, टेल फायबर अशी चक्क विषाणूंची जनुकं निघाली. त्यांच्याच शेजारी एसटीएक्स-२, म्हणजे शिगा टॉक्सिनचं जनुक. गाईडचं म्हणणं, नमुना दूषित झालाय, ती जनुकं काढून टाका नाहीतर सिक्वेन्सिंग पुन्हा करा. पुन्हा करायला पैसे नाहीत. शिवाय विचारलंय की असा जिवाणू सापडला तर होणारा आजार विषाणूचा मानायचा की जिवाणूचा, आणि त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांना काय सांगायचं?

मी धुळ्यात क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजी करते. माझ्याकडे रोज शौचाचे, घशाचे, पुवाचे आणि अधूनमधून पाण्याचे नमुने येतात. बायोइन्फर्मेटिक्स हा माझा मूळ पिंड नाही, पण गेल्या काही वर्षांत असे जीनोम अहवाल वाचावे लागतात, आणि नेमका हाच गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येतो.

तुमच्या प्रश्नात खरा मुद्दा दूषित होण्याचा नाहीच असं मला वाटतं. शिगा टॉक्सिन बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये ते जनुक विषाणूच्या जनुकांच्या शेजारी सापडणं हेच अपेक्षित आहे. ते एकटं, आजूबाजूला विषाणूचा मागमूस नसताना सापडलं असतं तर मी जास्त चक्रावले असते. तुमच्या गाईडनी सांगितल्याप्रमाणे ती जनुकं 'साफ' केलीत, तर तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्टच कचऱ्यात जाईल. तरीही गाईडची शंका अगदीच निराधार नाही. म्हणून आधी ती तपासून मोकळे व्हा. त्यासाठी एक पैसा लागत नाही, हातात असलेला डेटा पुरतो.

पहिलं, एकूण जीनोमचा आकार बघा. ई. कोलाय साधारण ४५ ते ५९ लाख बेस जोड्यांच्या दरम्यान असतो. तुमचा ८०-९० लाखांवर गेला असेल, तर प्लेटवर दोन वेगळे जिवाणू मिसळले होते आणि गाईड बरोबर आहेत. तो ५२-५५ लाख असेल तर उलट माझ्या बाजूचा पुरावा झाला, कारण टॉक्सिनवाले प्रकार नेहमीच्या ई. कोलायपेक्षा अंगाने मोठेच असतात.

दुसरं, कॉन्टिगच्या (वाचलेले छोटे तुकडे जोडून बनलेल्या सलग तुकड्यांच्या) यादीत साधारण ५,३८६ अक्षरांचा, प्रचंड कव्हरेज असलेला (म्हणजे खूप जास्त वेळा वाचला गेलेला) एक सुटा तुकडा आहे का ते बघा. असला तर तो फाय-एक्स-१७४ नावाचा फाज, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू आहे. इल्युमिना कंपनीच्या सिक्वेन्सिंग मशिनवर नियंत्रण म्हणून त्याचा डीएनए मुद्दाम मिसळतात आणि नंतर गाळायचा असतो. तो गाळायचा राहून गेल्यामुळे सार्वजनिक डेटाबेसमधल्या कितीतरी जिवाणूंच्या जीनोममध्ये तो जाऊन बसलाय. हे मात्र खरंखुरं दूषण. तो तुकडा बिनधास्त काढा आणि प्रबंधात तसं लिहा.

तिसरं, आणि निर्णायक: एसटीएक्स-२ ज्या कॉन्टिगवर आहे त्याची टोकं बघा. विषाणूची जनुकं संपली की दोन्ही बाजूंना ई. कोलायची स्वतःची जनुकं लागतात का? लागत असतील तर तो विषाणू जिवाणूच्या गुणसूत्रातच शिवलेला आहे. बाहेरून पडलेल्या डीएनएला असे शेजारी नसतात. अशा शिवलेल्या विषाणूला आपण प्रोफाज म्हणतो. तो घुसताना बहुधा ठरलेल्या जागी घुसतो आणि तिथलं जनुक दुभंगतं. त्या दोन अर्ध्या भागांच्या मधोमध ५०-६० हजार अक्षरांचा विषाणू बसलेला दिसला, की वाद संपला.

इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगते. तुमच्याकडे १५० अक्षरांचे छोटे रीड, म्हणजे मशिनने वाचलेले तुकडे असणार. एकाच ई. कोलायमध्ये एकमेकांसारखे दिसणारे अनेक प्रोफाज असतात, आणि असेंबलरला (तुकडे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) यातला कुठला तुकडा कुणाचा ते कळत नाही. मग तो नेमका प्रोफाजच्या मध्यावर कॉन्टिग तोडतो. टोकाला ई. कोलायचं जनुक नाही दिसलं म्हणून लगेच दूषण म्हणू नका. अशा वेळी कव्हरेज बघा. गुणसूत्रावर ८० पट कव्हरेज असेल आणि विषाणूच्या भागावरही साधारण तेवढंच असेल, तर दोघं एकाच पेशीतून आलेत. खूपच कमी असेल तर शंका घ्या. दुप्पट-तिप्पट असेल तर दोन शक्यता: सारखेच दिसणारे दोन-तीन प्रोफाज असेंबलरने एकावर एक रचले, किंवा वाढवताना काही पेशींमध्ये विषाणू जागा होऊन स्वतःच्या प्रती काढत होता. दुसरी शक्यता तुमच्या कामाच्या दृष्टीने फारच रंजक आहे. नॅनोपोर मशिनवर एकदा लाँग रीड (लांब तुकड्यांचं वाचन) करून घेता आलं तर उत्तमच, पण एमएस्सीच्या प्रबंधासाठी एवढा पुरावा मी पुरेसा मानेन.

आता हा विषाणू तिथे करतो काय, ते जरा सविस्तर.

जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज. त्यांच्यातले काही सरळ मारेकरी असतात, शिरले की पेशी फोडून बाहेर. काही मात्र शिरल्यावर आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएत जोडतात आणि गप्प बसतात. जिवाणू दुभंगला की त्यांचीही प्रत आपोआप निघते. वर्षानुवर्षं, पिढ्यानपिढ्या. तुम्ही प्रॅक्टिकलला वापरलेला के-१२ हा गरीब बिचारा ई. कोलायही याला अपवाद नाही. त्याच्या जीनोममध्ये ९ प्रोफाजचे अवशेष आहेत, सगळे मोडके. १९९६ साली जपानच्या साकाई शहरात शाळकरी मुलांमध्ये मोठी साथ आली होती, तिच्यातल्या ओ-१५७ प्रकाराचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १८ प्रोफाज निघाले. के-१२ चा जीनोम ४६ लाखांचा, याचा ५५ लाखांचा. वरच्या त्या ९ लाखांतला बराचसा ऐवज विषाणूंनीच आणून टाकलेला. तेव्हा तुमच्या अहवालात विषाणूंची जनुकं दिसली यात नवल काहीच नाही, आणि ती सगळी घातक आहेत असंही नाही. बहुतेक नुसती पडून असतात.

प्रोफाज शोधणारी ऑनलाइन टूल्स प्रत्येकाला 'इंटॅक्ट', 'क्वेश्चनेबल', 'इनकम्प्लीट' अशी लेबलं लावतात. ती लेबलं म्हणजे गुणांकन आहे, किती ओळखीची जनुकं सापडली त्यावरून. 'इंटॅक्ट' लिहिलं म्हणजे तो विषाणू जिवंत आहे असं सिद्ध होत नाही. प्रबंधात 'सक्रिय प्रोफाज' असा शब्द त्या लेबलाच्या भरवशावर लिहू नका, तोंडी परीक्षेत अडकाल.

एसटीएक्स-२ चा विषाणू मात्र सहसा जिवंत असतो, आणि इथेच सगळं गणित बदलतं. या फाजमध्ये जनुकांची मांडणी अशी आहे की टॉक्सिनचं जनुक विषाणूच्या उशिरा चालू होणाऱ्या जनुकांच्या रांगेत बसलंय, आणि त्याच रांगेत थोडं पुढे पेशी फोडणारी जनुकं आहेत. शेतात एकाच स्टार्टरवर दोन मोटारी जोडल्या तर एक चालू केली की दुसरी आपोआप चालू होते, तसं. विषाणू झोपलेला आहे तोवर टॉक्सिन जवळजवळ बनत नाही. विषाणू जागा झाला, की टॉक्सिनही बनतं आणि ते बाहेर सोडायला पेशीही फुटते. हा जिवाणू शिगा टॉक्सिन स्वतःहून बाहेर टाकू शकत नाही. पेशी फुटणं हाच त्याचा मुख्य मार्ग.

मग विषाणू जागा कशाने होतो? जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की. पेशीत एसओएस नावाची आणीबाणीची यंत्रणा सुरू होते, रेक-ए हे प्रथिन कामाला लागतं आणि विषाणूला दाबून ठेवणारं रिप्रेसर प्रथिन तुटतं. डीएनएला इजा करणाऱ्या गोष्टींत अल्ट्राव्हायोलेट किरण आले, मायटोमायसिन-सी आलं, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रतिजैविकंही आली. म्हणूनच शिगा टॉक्सिनवाल्या ई. कोलायचा संसर्ग सिद्ध झाला असेल, विशेषतः मूल लहान असेल, तर प्रतिजैविक टाळण्याकडे आज वैद्यकीय मार्गदर्शनाचा कल आहे. औषधाने जिवाणू मरतो, पण मरताना विषाणूला उठवून जातो. त्या टॉक्सिनने रक्तपेशी फुटणं, प्लेटलेट घसरणं आणि मूत्रपिंड बंद पडणं असा एचयूएस नावाचा गंभीर प्रकार होऊ शकतो. सगळी प्रतिजैविकं सारखीच घातक नाहीत आणि सगळे अभ्यासही एका दिशेने बोलत नाहीत, हे खरं. तरी मला विचाराल तर ही सावधगिरी रास्त आहे.

पण थांबा. हे वाचून कुणी असा अर्थ काढू नका की रक्ताचे जुलाब झाले तर प्रतिजैविक घ्यायचंच नाही. आपल्या भागात रक्ती आव दिसली तर माझ्या टेबलावर ती बहुधा शिगेला किंवा अमीबा म्हणून निघते. शिगेलाला योग्य प्रतिजैविक द्यावंच लागतं. त्यातल्या शिगेला डिसेन्टेरी टाइप-१ मध्ये हेच टॉक्सिन आहे, पण त्याचा प्रोफाज मोडका आहे, फाज म्हणून तो सहसा बाहेर पडत नाही. टॉक्सिन जवळपास एकच, दोन जिवाणूंत, आणि औषधाचा निर्णय उलटा. हा निर्णय डॉक्टरने रुग्ण पाहून घ्यायचा असतो. आपण मायक्रोबायॉलॉजीवाल्यांनी फक्त कुठला जिवाणू आणि कुठलं टॉक्सिन हे वेळेत आणि स्पष्ट सांगायचं.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आजार जिवाणूचाच मानायचा. फाज माणसाच्या पेशीला संसर्ग करत नाही. पण हत्यार विषाणूचं आहे, आणि ते कधी चालवायचं याचा हुकूम कधी विषाणूच्या हातात असतो, कधी जिवाणूच्या. हे प्रत्येक आजारात वेगळं आहे, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

पटकीचं बघा. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात दाखवून दिलं की पटकीचा जिवाणू बाहेर टाकतो त्या विषामुळेच आतड्यात पाणी भरतं. ते विष बनवणारी जनुकं जिवाणूची नसून सीटीएक्स-फाय नावाच्या एका धाग्यासारख्या फाजची आहेत, हे कळायला १९९६ साल उजाडलं. वॉल्डॉर आणि मेकॅलॅनॉस यांनी ते दाखवलं. गंमत अशी की हा फाज जिवाणूच्या अंगावरच्या ज्या केसांसारख्या तंतूंना धरून आत शिरतो, त्याच तंतूंच्या जोरावर जिवाणू आतड्यात वसाहत करतो. आणि हा फाज पेशी फोडत नाही. तो पेशीच्या दारातून बाहेर पडतो, टॉक्सिनही त्याच दारातून. म्हणून पटकीत डॉक्सिसायक्लिन दिल्याने शिगा टॉक्सिनसारखा उलटा परिणाम होण्याची भीती नाही. मुख्य उपचार अर्थात पाणी आणि मीठ-साखर भरून काढण्याचाच.

घटसर्पात तर अजून तिसरीच तऱ्हा. (माणसांचा म्हणतेय, गाई-म्हशींचा घटसर्प वेगळ्या जिवाणूमुळे होतो.) १९५१ मध्ये फ्रीमनने दाखवलं की घटसर्पाच्या निरुपद्रवी जिवाणूला ठरावीक फाजचा संसर्ग केला की तो विषारी होतो. जनुक फाजचं, पण त्यावर कुलूप लावणारं प्रथिन जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावरचं. भोवती लोह भरपूर असेल तोवर कुलूप बंद. घशात लोह कमी पडलं की कुलूप उघडतं आणि टॉक्सिन बनू लागतं. इथे विषाणू जागा व्हायची गरजच नाही. म्हणूनच घशाच्या नमुन्यात 'कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी' सापडला एवढा अहवाल देऊन मी थांबत नाही. टॉक्सिन बनतंय का हे बघायला एलेक चाचणी करावी लागते. प्लेटमध्ये प्रतिविषात भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी ठेवायची, तिला काटकोनात जिवाणूची रेघ ओढायची. टॉक्सिन असेल तर २४ ते ४८ तासांत दोन्हींच्या कोपऱ्यातून एक बारीक पांढरी रेघ तिरपी निघते. प्लेट प्रकाशासमोर वाकडीतिकडी धरून बघावी लागते, नाहीतर नजरेतून सुटते. पीसीआरला (जनुकाच्या प्रती काढून ते शोधणाऱ्या चाचणीला) जनुक दिसतं आणि ही रेघ उमटत नाही, असेही जिवाणू असतात. जनुक आहे, पण मोडलेलं. तुमच्या एसटीएक्स-२ बाबतही हीच शंका जिवंत ठेवा: जनुक असणं आणि टॉक्सिन बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकाची पूर्ण लांबी आहे का, मध्येच स्टॉप कोडॉन आलाय का, दोन्ही उपघटक आहेत का, हे बघा. जमलं तर टॉक्सिन शोधणारी एलायझा चाचणी करून घ्या.

सगळ्याच टॉक्सिनमागे विषाणू नसतो, हेही लिहून ठेवा, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. धनुर्वाताचं आणि अँथ्रॅक्सचं टॉक्सिन प्लास्मिडवर. आपल्या खानदेशी कापसात ज्याचं जनुक आलंय त्या बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं क्राय टॉक्सिनही प्लास्मिडवर. बोटुलिनममध्ये तर एकाच कुटुंबात फरक: जनावरांना जास्त सतावणारे सी आणि डी प्रकार फाजवर, बाकीचे गुणसूत्रावर किंवा प्लास्मिडवर. स्टॅफच्या अन्नविषबाधेतलं एन्टेरोटॉक्सिन-ए फाजवर, स्कार्लेट फीव्हरचं टॉक्सिनही फाजवर.

विषाणू स्वतःबरोबर असलं सामान का वागवतो यावर संशोधकांत मतभेद आहेत. एक तर्क असा, की माती-पाण्यात आणि गुरांच्या आतड्यात जिवाणूंना खाणारे एकपेशीय प्राणी असतात, त्यांच्याविरुद्ध हे टॉक्सिन उपयोगी पडतं. माणूस मध्ये सापडला तो अपघाताने. मला हा तर्क आवडतो, पण शेवटचा शब्द म्हणून मी तो वर्गात सांगणार नाही.

फाज एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, हे तुमच्या प्रबंधाच्या चर्चा विभागात यायलाच हवं. सर्वात ठळक उदाहरण २०११ चं जर्मनीचं. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांना दोष दिला गेला, बिचाऱ्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं, आणि अखेर धागा मोडवलेल्या मेथीपर्यंत गेला. बियाणं इजिप्तहून आलेलं. जिवाणू होता ओ-१०४. तो मुळात वेगळ्याच जातकुळीचा, आतड्याला विटांच्या थरासारखा चिकटून राहणारा ई. कोलाय. त्याला एसटीएक्स-२ चा फाज येऊन मिळाला आणि दोघांचे गुण एका ठिकाणी आले. तोवर लोक ओ-१५७ शोधायच्या तयारीत बसलेले होते, तर तो नव्हताच.

याच कारणासाठी एक व्यावहारिक सूचना. तुम्ही सॉर्बिटॉल मॅकॉन्की प्लेट वापरली असणार. तिच्यावर ओ-१५७ च्या वसाहती बिनरंगी येतात, बाकी ई. कोलाय गुलाबी. तुमचा जिवाणू गुलाबी आला म्हणून 'टॉक्सिनवाला नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओ-१५७ सोडून इतर टॉक्सिनवाले प्रकार बहुतेक गुलाबीच येतात. जीनोममध्ये ईएई (आतड्याला घट्ट चिकटायला मदत करणारं जनुक) आहे का आणि एसटीएक्स-२ चा उपप्रकार कुठला, तेही बघा. २-ए असेल तर मी जास्त गंभीरपणे घेईन. डुकरांच्या आजाराशी जोडलेला २-ई असेल तर माणसाच्या दृष्टीने चिंता बरीच कमी. सिरोटायपिंग (ओ-१५७ सारखा नेमका प्रकार ठरवणं) करून हवं असेल तर कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत राष्ट्रीय साल्मोनेला आणि एशेरिकिया केंद्र आहे, विभागामार्फत पत्रव्यवहार करा.

अजून एक, आणि हे आजच करा: मूळ वसाहतीचा ग्लिसरॉल स्टॉक डीप फ्रीझरमध्ये ठेवलाय का? नसेल तर जी सगळ्यात जुनी स्लँट असेल त्यावरून ठेवा. प्लेटवरून प्लेटवर जिवाणू नेत राहिलं की काही पेशींतून हा प्रोफाज निघून जातो, आणि त्याबरोबर टॉक्सिनचं जनुकही. सहा महिन्यांनी परीक्षक म्हणाले पीसीआर करून दाखवा आणि बँड (जनुक असल्याची पट्टी) आला नाही, तर तुमच्यावर खोटेपणाचा ठपका येईल, चूक काही नसताना. स्टॉकवरून एकाच वेळी अनेक वसाहती तपासा. काहींत जनुक आहे, काहींत नाही असं निघालं तर तोच एक निष्कर्ष म्हणून मांडता येतो.

आता एक ठाम नकार. 'प्रोफाज जिवंत आहे का' हे बघायला मायटोमायसिन-सी घालून फाज बाहेर काढायचा आणि के-१२ वर प्लाक (फाजने जिवाणू मारल्यामुळे पडणारे मोकळे ठिपके) बघायचे, असा प्रयोग इंटरनेटवर सहज सापडेल. कॉलेजच्या उघड्या टेबलावर तो करू नका. त्यात के-१२ च्या काही पेशी मरणार नाहीत, फाज त्यांच्यात जाऊन बसेल, आणि तुमच्या प्रयोगशाळेतला सर्वात निरुपद्रवी जिवाणू टॉक्सिन बनवणारा होईल. पुढच्या वर्षी एखादी मुलगी तोच स्टॉक उघड्या हाताने हाताळेल. बायोसेफ्टी लेव्हल-२ ची सोय, सेफ्टी कॅबिनेट आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी असेल तरच, आणि अनुभवी माणूस शेजारी उभा असेल तरच. एमएस्सीच्या प्रबंधाला त्याची गरजही नाही.

राहिला विहिरीचा प्रश्न. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. नमुना एकाच दिवशीचा की अनेकदा घेतलेला? पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला? विहिरीला कठडा आहे का, गोठा आणि उकिरडा किती लांब? गुरांच्या पोटात असे ई. कोलाय राहतात आणि गुरं ठणठणीत असतात, कारण टॉक्सिन ज्याला चिकटतं तो रेणू त्यांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत नसतो. पहिल्या जोरदार पावसात उकिरड्यावरचं पाणी विहिरीकडे वाहिलं की एवढं पुरतं. तुम्ही गावात गेलात की कुणीतरी आजोबा म्हणतीलच, "आमनी विहिरनं पानी गोड शे, भाऊ." त्यांना खोटं पाडू नका. चव गोड असते. ई. कोलायला चव नसते.

सांगायची गोष्ट साधी आहे आणि त्यासाठी एसटीएक्सचं नावही काढायची गरज नाही. पाण्यात ई. कोलाय आहे म्हणजे शेण-विष्ठेचा अंश पाण्यात पोचतोय, जनुक कुठलंही असो. ते पाणी शुद्ध केल्याशिवाय प्यायचं नाही. ग्रामपंचायतीकडे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते आणि जलसुरक्षकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघायची चाचणी येते. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, आणि तासाभरानंतर ओटी टेस्टला पिवळा रंग येतो का बघायचं. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर कितीही घाला, रंग येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या खराब पाण्याच्या नमुन्यांत हे कारण फार वेळा निघतं. घरी लहान मूल असेल तर पाणी उकळून.

एसटीएक्स-२ ची बातमी मात्र गाईडमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत लेखी जाऊ द्या, पीसीआरने एकदा खात्री करून झाल्यावर. गावाचं नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. आणि पाण्यातून थेट डीएनए काढून पीसीआर केलात तर लक्षात ठेवा, हे फाज पाण्यात सुटेही तरंगत असतात आणि क्लोरिनसमोर जिवाणूपेक्षा जास्त तग धरतात. जिवाणू मेल्यावरही बँड येऊ शकतो. शुद्धीकरण फसलं की नाही हे ठरवायला कल्चरच करा.

गाईडशी बोलताना वाद घालत बसू नका. थोडक्यात चार गोष्टी एका पानावर न्या: जीनोमचा आकार, फाय-एक्स काढल्याची नोंद, कव्हरेजचा आलेख, आणि एसटीएक्स-२ च्या कॉन्टिगचा दोन्ही टोकांसकट नकाशा. टोकं शोधायला सगळा जीनोम चाळायची गरज नाही. डब्ल्यूआरबीए, वायईएचव्ही, एसबीसीबी आणि वायईसीई या ई. कोलायच्या चार जनुकांच्या जागा आधी बघा. एसटीएक्सचे फाज नेहमी याच जागा धरतात असं नाही, पण शोध तिथूनच सुरू करा. यांतलं एखादं जनुक मध्येच तुटलेलं दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट इथेच टाका, कॉन्टिगचा क्रमांक आणि कव्हरेजही लिहा, बघून सांगते.